अ‍ॅक्शन फिगरचा रिव्ह्यू करताना क्रम चुकवू नका

बरेच रिव्ह्यू वाचून लिहिणाऱ्याला फिगर (पात्राची सांधे हलणारी छोटी प्रतिकृती) आवडली की नाही एवढंच कळतं. ती कशी आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. लिहिणाऱ्याचं लक्ष कमी पडतं म्हणून असं होत नाही. पार्सल आलं की आधी कटर चालतो, मग फिगरला पोझ दिली जाते, फोटो निघतात आणि लिहायला बसल्यावर प्रश्न सुरू होतात. गुडघा आल्यापासूनच ढिला होता का? हनुवटीवरचा डाग कारखान्यातला की आपल्या बोटाचा? टोपी डोक्यावर नीट बसत होती का? तोवर उत्तर द्यायला पुरावा शिल्लक नसतो.

म्हणून सगळ्या टप्प्यांना एकच नियम लावायचा: जे पुन्हा पूर्वीसारखं करता येत नाही, ते आधी नोंदवायचं. सीलबंद बॉक्स एकदाच सीलबंद असतो. सांधा पहिल्यांदा एकदाच हलतो.

उदाहरणासाठी ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) या चित्रपटावरच्या फिगर घेतल्या आहेत. नायक इंडियाना जोन्सची टोपी, लेदर जॅकेट, खांद्यावरून जाणारी पिशवी आणि चाबूक या चार गोष्टी फिगर बनवणाऱ्याची परीक्षा घेतात. त्यांचा रिव्ह्यू जमला की दुसऱ्या कुठल्याही फिगरचा जमतो.

## टप्पा १ : फिगर यायच्या आधीची तयारी

ही तयारी पार्सल वाटेत असतानाच करा. बॉक्स हातात आल्यावर कोणालाच धीर राहत नाही.

हाताशी असावं ते एवढंच: व्हर्निअर कॅलिपर, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, भिंग, नवं पातं लावलेला कटर, पांढरा आणि राखाडी कार्डशीट, मऊ ब्रश आणि वही. साधा प्लास्टिकचा व्हर्निअरही पुरतो. सराफ बाजारातला काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला चालतो. वही मात्र हवीच. मोबाइलमध्ये नोंद करायला गेलं की एका हातात फिगर आणि दुसऱ्यात फोन येतो, आणि फिगर पडते.

दुसरी तयारी चित्रपटाची. फिगरची तुलना करायची ती चित्रपटातल्या चौकटींशी. आठवणीतल्या नायकाशी किंवा दुसऱ्याच्या फोटोशी केलेली तुलना उपयोगाची नाही. चित्रपट लावून किमान या चौकटी थांबवून पाहा: चेहरा समोरून, चेहरा बाजूने, टोपीसकट संपूर्ण उभा माणूस, पाठमोरा माणूस आणि कमरेचा पट्टा जवळून. पिशवीचा पट्टा कोणत्या खांद्यावरून जातो, पिस्तुलाचं म्यान कोणत्या बाजूला आहे आणि चाबूक कुठे अडकवला आहे, हे स्वतः बघून वहीत लिहा. प्रसंगागणिक कपड्यांत फरक पडतो, म्हणून फिगर कोणत्या प्रसंगातली आहे हे बॉक्सवर वाचून त्याच प्रसंगाच्या चौकटी घ्या. १९३६ सालच्या पेरूमधला सुरुवातीचा प्रसंग आणि नंतरचा कैरोतला प्रसंग यांची सरमिसळ अनेक रिव्ह्यूंमध्ये होते.

सावधान : चित्रपटाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत रंग सारखे दिसत नाहीत. जुन्या डीव्हीडीतलं जॅकेट आणि २०२१च्या फोर-के आवृत्तीतलं जॅकेट शेजारी ठेवलं तर तपकिरी रंगाची छटा वेगळी दिसू शकते. ‘जॅकेटचा रंग चुकला’ असं लिहिण्याआधी कोणत्या आवृत्तीशी तुलना केली ते सांगा.

## टप्पा २ : बॉक्स बंद असताना

बॉक्सचे सहाही बाजूंनी फोटो काढा. दबलेले कोपरे, सीलची चिकटपट्टी आणि खिडकी असेल तर तिच्या कडा यांचे फोटो जवळून घ्या. त्यानंतर छापील मजकूर वाचा: उत्पादक, वर्ष, कुठे बनवलं, वयोगट, भारतातला आयातदार आणि छापील किंमत. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण सक्तीची आहे. त्यामुळे वयोगट काय आहे आणि खूण आहे की नाही, या दोन्ही गोष्टी लिहा. मुलासाठी फिगर शोधणारे आई-बाबा तेवढ्यासाठीच तुमचा रिव्ह्यू उघडतात.

फिगर कोणत्या मालिकेतली आहे, हेही इथेच ठरवा. केनर कंपनीने १९८२ मध्ये पावणेचार इंची मालिका काढली. हॅस्ब्रोने २००८ मध्ये त्याच मापाची नवी मालिका आणली आणि २०२३ मध्ये सहा इंची ‘अ‍ॅडव्हेंचर सिरीज’. हॉट टॉईजची फिगर बारा इंची मापाची, कापडी कपड्यांची असते. या चौघींना एकाच फूटपट्टीने मोजायचं नाही. पावणेचार इंची फिगरला ‘चेहऱ्यात बारकावे नाहीत’ असं म्हणणं अन्यायाचं आहे.

जुनी केनर फिगर असेल तर बॉक्सच्या जागी कार्ड आणि त्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा फुगा असतो. फुग्याची कड कार्डावर जिथे बसते तिथे भिंग लावून संपूर्ण फेरी मारा. पुन्हा चिकटवलेल्या फुग्याच्या कडेला गोंदाची चमक दिसते, किंवा कार्डाचा वरचा पापुद्रा फाटलेला असतो. चित्रपटाची नायिका मॅरियन हिची फिगर त्या मालिकेत दुर्मीळ मानली जाते आणि महाग विकली जाते, त्यामुळे तिच्या बाबतीत ही तपासणी अजिबात टाळू नका.

तपासा : पुढे जाण्याआधी फोटो उघडून पाहा. मजकूर वाचता येत नसेल तर पुन्हा काढा. बॉक्स उघडल्यावर ही संधी नाही.

## टप्पा ३ : उघडणे

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली. अशा सकाळी आलेलं पार्सल लगेच उघडू नका. थंड प्लास्टिक ठिसूळ होतं आणि सांध्यातली बारीक खुंटी पहिल्याच झटक्याला तुटू शकते. दोन-तीन तास खोलीत राहू द्या.

कटर फक्त चिकटपट्टीवर चालवा, पातं जेमतेम आत जाईल एवढंच. ट्रे बाहेर काढल्यावर थांबा. फिगर ट्रेमध्येच असताना वरून एक फोटो काढा. कोणती वस्तू कुठे होती आणि काय काय आलं, याची तीच पावती. एखादा हात किंवा पिस्तूल कमी निघालं तर विक्रेत्याला दाखवायला हाच फोटो लागतो. सोबत उघडतानाचा सलग व्हिडिओ असला तर फारच उत्तम. बऱ्याच ऑनलाइन विक्रेत्यांकडे त्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

प्लास्टिकच्या तारा किंवा कागदी दोऱ्या ओढून काढू नका, कापा. ओढताना मनगटाच्या सांध्यावर ताण येतो.

## टप्पा ४ : हात न लावता पाहणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. खरा रिव्ह्यू तर इथेच घडतो.

फिगर कार्डशीटवर उभी करा, नाही उभी राहिली तर आडवी ठेवा. खिडकीतून येणाऱ्या उजेडात आधी हातभर अंतरावरून पाहा. शेल्फवर ती याच अंतरावरून दिसणार आहे. त्यानंतर भिंग घ्या. उलटा क्रम केला तर भिंगातून दिसलेली एक टिंबाएवढी चूक डोक्यात बसते आणि चांगली फिगर वाईट वाटू लागते.

चेहऱ्याची सुरुवात डोळ्यांपासून करा. गणपतीच्या मूर्तीत आखणी चुकली की बाकीचं रंगकाम कितीही चांगलं असो, मूर्ती आपल्याकडे पाहत नाही, फिगरचंही तसंच. दोन्ही बुबुळं एकाच बिंदूकडे रोखली आहेत का? वरच्या पापणीची रेघ दोन्ही डोळ्यांवर सारख्या जाडीची आहे का? भुवया घडीव आहेत की नुसत्या रंगवल्या आहेत? हल्लीच्या अनेक फिगरवर चेहरा डिजिटल छपाईने येतो. तो भिंगाखाली बारीक ठिपक्यांचा दिसतो. हा दोष नाही, पद्धत आहे, एवढं वाचकाला सांगा. छपाई घडणीवरून सरकलेली असेल, म्हणजे ओठांचा रंग ओठांच्या उंचवट्याच्या बाहेर गेला असेल, तर तो मात्र दोष.

पुढे दाढीचे खुंट. या नायकाची दोन दिवसांची वाढलेली दाढी फिगरवर सहसा राखाडी रंगाच्या हलक्या फवाऱ्याने दाखवतात. फवारा जास्त झाला की चेहरा मळका दिसतो, कमी झाला की माणूस गुळगुळीत. चौकट शेजारी ठेवून मगच मत द्या.

रंगांच्या सीमा पाहायच्या जागा: शर्टाची कॉलर, पट्ट्याचं बकल, बोटं आणि चामड्याची म्यानपट्टी. कपड्यांचा घसरलेला रंग या जागी हमखास सापडतो.

नेहमीची चूक : हातातल्या एका फिगरचा रंगदोष संपूर्ण मालिकेवर लादणे. रंगकामात नगागणिक फरक पडतो. ‘माझ्याकडे आलेल्या नगात डावं बुबुळ बाहेर सरकलं आहे’ असं लिहा. घडण मात्र सगळ्या नगांत सारखी असते, तिच्याबद्दल ठामपणे लिहायला हरकत नाही.

## टप्पा ५ : मोजमाप

इथे थोडं गणित आहे आणि ते वाचकांच्या फार उपयोगाचं आहे. नायकाची भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड सुमारे १८५ सेंटिमीटर उंच. एकास बारा प्रमाणात (सहा इंची फिगर) तो १५.४ सेंटिमीटर भरायला हवा, एकास सहा प्रमाणात (बारा इंची) सुमारे ३०.८ आणि एकास अठरा प्रमाणात (पावणेचार इंची) १०.३. टोपी निघत असेल तर काढून मापा. चिकटलेली असेल तर तळव्यापासून डोळ्यांच्या रेषेपर्यंतचं माप घ्या. ते पूर्ण उंचीपेक्षा एकास बारा प्रमाणात साधारण एक सेंटिमीटरने कमी येतं. टोपीसकट उंची देऊन ‘फिगर प्रमाणापेक्षा मोठी’ म्हणणारे रिव्ह्यू थोडेथोडके नाहीत.

चाबूकही मापा. चित्रपटात प्रामुख्याने दहा फुटी चाबूक वापरला आहे, म्हणजे सुमारे ३०५ सेंटिमीटर. एकास बारा प्रमाणात तो २५ सेंटिमीटरच्या थोडा वर, एकास सहात ५१ आणि एकास अठरात १७ सेंटिमीटर यायला हवा. गुंडाळलेला चाबूक मोजायला त्याच्यावरून दोरा फिरवा आणि दोरा फूटपट्टीवर धरा. चाबूक आखूड निघाला तर किती टक्के आखूड ते सांगा. फेकलेल्या चाबकाची पोझ जमेल की नाही, हे त्या एका आकड्यावर अवलंबून असतं.

वजन एकदाच घ्या, सुट्या वस्तूंशिवाय. नकली फिगर ओळखायला ते कामी येतं. खऱ्या फिगरवरून साचा काढून बनवलेली नक्कल मूळ फिगरपेक्षा किंचित लहान भरते, बारकावे पुसट होतात आणि वजनही बहुधा कमी भरतं. तुमचे आकडे दुसऱ्या कोणाला आपल्या नगाशी ताडून पाहता येतात.

## टप्पा ६ : सांधे

वरून खाली या: मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, मांडीचा सांधा, गुडघा, घोटा. एका वेळी एकच सांधा हलवा आणि प्रत्येकासाठी दोन गोष्टी लिहा: किती हलतो आणि किती घट्ट आहे. ‘किती’ म्हणजे अंशात नको. ‘हात डोक्यावरून टोपीला लागतो’, ‘गुडघ्यावर बसते, पण तळवा जमिनीवर टेकत नाही’ अशा शब्दांत लिहा. फिगर घेणाऱ्याला पोझ हव्या असतात.

या नायकाच्या फिगरमध्ये तीन जागी खरी अडचण येते. जॅकेट मऊ प्लास्टिकचं, धडावर वेगळं चढवलेलं असेल तर ते काखेत अडतं आणि हात पूर्ण वर जात नाही. पिशवीचा पट्टा कंबर वळवताना ताणला जातो. टोपीची मागची कड कॉलरला लागली की मान वर होत नाही. हे तिन्ही तपासूनच पुढे जा. वर पाहता न येणारा नायक भुयारात काय पाहणार?

सावधान : अडकलेला सांधा जोराने फिरवू नका. बहुतेकदा रंगामुळे दोन भाग एकमेकांना चिकटलेले असतात. तो अवयव साठ-सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट धरा आणि हळू फिरवा. पाणी उकळतं नको. कापडी कपडे, स्प्रिंग किंवा बॅटरीचा भाग असेल तर पाण्याऐवजी हेअर ड्रायर, तोही अंतरावरून. सांधा सोडवावा लागला हे रिव्ह्यूमध्ये लिहाच. तुम्ही दुरुस्त केलेली फिगर वाचकाला कारखान्यातून तशीच आली असं वाटता कामा नये.

१९८२च्या जुन्या फिगरवर यातलं काहीही करू नका. तिच्या सांध्यांचं वर्णन हलक्या हाताने, जेवढं सहज हलेल तेवढंच.

## टप्पा ७ : सुट्या वस्तू

प्रत्येक वस्तू फिगरच्या हातात किंवा जागेवर बसवून पाहा. पिस्तूल म्यानात जातं का आणि फिगर उलटी धरली तरी राहतं का? गुंडाळलेला चाबूक पट्ट्याला अडकतो का? सोन्याची मूर्ती एका हाताच्या पंजात बसते का? टोपी घातल्यावर कपाळ आणि कड यांच्यामध्ये फट राहते का, हे समोरून आणि बाजूने बघा. निघणारी टोपी आणि बसणारी टोपी एकत्र साधणं अवघड असतं. म्हणून काही उत्पादक टोपीसाठी केसांचा वरचा भाग कापलेलं वेगळं डोकं देतात. तसं असेल तर दोन्ही डोक्यांचे चेहरे वेगवेगळे तपासा.

वाकडा झालेला मऊ चाबूक गरम पाण्यात सरळ करून थंड पाण्यात बुडवला की आकार धरतो. पण आधी वाकड्या अवस्थेतला फोटो घ्या.

२०२३च्या सहा इंची मालिकेतल्या पहिल्या फळीत फिगरसोबत चित्रपटाच्या नावातल्या ‘आर्क’चे, म्हणजे पवित्र कोशाचे तुकडे येतात आणि ते जोडून पूर्ण कोश होतो. हातात एकच फिगर असेल तर आलेल्या तुकड्याबद्दलच लिहा, न पाहिलेल्या कोशाची स्तुती करू नका. पूर्ण कोश करायला एकूण किती फिगर घ्याव्या लागतील आणि त्याचा खर्च किती, ही माहिती दिलीत तर खरेदीचा निर्णय सोपा होतो.

## टप्पा ८ : फोटो

पावसाळ्यात ढगाळ आभाळाचा उजेड फिगरच्या फोटोंसाठी फार चांगला. सावल्या मऊ पडतात आणि रंग खरे दिसतात. हिवाळ्यात सकाळचं ऊन पिवळसर असतं, तेव्हा दहानंतर, सावलीत काढा. ट्यूबलाइट आणि खिडकी यांचा उजेड एकत्र आणू नका, त्वचा एका बाजूने हिरवट दिसते.

फोन फिगरच्या नाकाशी नेऊ नका. वाइड लेन्स जवळून लावली की डोकं मोठं आणि पाय बारीक दिसतात, आणि वाचक ‘प्रमाण बिघडलंय’ म्हणतात. फोन अर्धा मीटर मागे ठेवून दोनपट झूम वापरा. पोर्ट्रेट मोड बंद, कारण तो टोपीची कड आणि चाबकाचं टोक पुसून टाकतो. फिल्टर तर नकोच. पहिले चार फोटो साधे: समोर, मागे, दोन्ही बाजू, राखाडी कार्डशीटसमोर. पोझचे फोटो त्यानंतर.

साहसपट म्हटला की फिगर घेऊन पांडवलेण्यावर जायची इच्छा होणारच. काळ्या बेसॉल्टच्या पार्श्वभूमीवर फोटो खरोखर सुंदर येतात. पण ती लेणी भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. कोरीवकामावर किंवा शिलालेखाच्या कडेवर फिगर ठेवू नका, चिकटवण्याचं काही लावू नका आणि ट्रायपॉड न्यायचा तर आधी परवानगी घ्या. तसाच दगड घराच्या कंपाउंडलाही असतो. गोदाकाठच्या वाळूत फिगर उभी करणार असाल तर सांध्यांची तपासणी पूर्ण झालेली असू द्या. वाळूचा एक कण गुडघ्यात गेला की सांधा करकरतो आणि रंग खरवडला जातो. परत आल्यावर कोरड्या ब्रशने झटका, सांधा न हलवता.

## टप्पा ९ : किंमत आणि मत

डॉलरमधली किंमत देऊन उपयोग नाही. फिगर घरी पडली कितीला, ते लिहा: मूळ किंमत, पाठवणी, सीमाशुल्क, कर. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. दर पुन्हा बदलू शकतात, म्हणून खरेदीचा महिना आणि वर्ष किमतीशेजारी लिहा. फिगर विकत घेतली, उसनी आणली की कोणी भेट दिली, हेही त्याच ओळीत.

दहापैकी गुण द्यायचा मोह आवरा. आठ गुण म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी कोणाला घ्यावी आणि कोणी घेऊ नये, ते लिहा. शेल्फवर एकाच पोझमध्ये ठेवणाऱ्याला काखेत अडणारं जॅकेट खुपत नाही. फोटो काढणाऱ्याला तेच असह्य होतं.

## टप्पा १० : एप्रिलनंतरची पुरवणी

रिव्ह्यू लिहून झाला तरी फिगर काढून ठेवू नका. तिला आधाराशिवाय शेल्फवर उभी करा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. त्या उष्णतेत मऊ प्लास्टिकचे घोटे वाकतात आणि फिगर पुढे झुकते. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेली फिगर चिकट लागू शकते, कारण मऊ प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य पृष्ठभागावर येतं. गडद जॅकेटचा रंग फिकट शर्टावर उतरतो का, तेही जॅकेट उचलून पाहा.

यातलं काही झालं असेल किंवा काहीच झालं नसेल, तरी मूळ रिव्ह्यूच्या खाली तारीख घालून लिहा. आधीचा मजकूर खोडू नका.